अल्बमची शेवटची पानं

आमच्या कॉलनीत अजूनही म्हणतात की माझं लग्न दोनदा झालं. एकदा नगरला विहारात आणि एकदा परदेशात. मी दर वेळी सांगते, बायांनो, एकदाच झालं, आणि त्या वेळी तुमच्यातलं कुणीही तिथं नव्हतं. पण कॉलनी माझं ऐकत नाही. जे लग्न ती स्वतः जेवून आली ते खरं आणि दुसरं सरकारी, असा तिचा सरळ हिशेब. याच हिशेबापायी माझा व्हिसा हातचा जायची वेळ आली होती, हे मात्र सगळ्या सोयीस्करपणे विसरल्या आहेत.

इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या मुलीचं पुढं काय करायचं, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर काम करत. त्यांचं म्हणणं, शिकवायचं तेवढं शिकवलं, आता नोकरी तुझी तू बघ. मी बघितली ती संगमनेरला, एका दूधसंघात. नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. ज्या देशातून आपल्याकडे काळ्या-पांढऱ्या गाई आल्या, तिथला एक जनावरांचा डॉक्टर वर्षभरासाठी संघाकडे यायचा होता. तो गावोगाव जाऊन गाई निरोगी कशा ठेवाव्यात ते सांगणार आणि मी त्याचं इंग्रजी मराठीत सांगायचं, अशी माझी नेमणूक झाली.

मला वाटलं, टेबल-खुर्चीचं काम असेल. पहिल्याच दिवशी एका गोठ्यात, गावातल्या बाप्यांच्या घोळक्यासमोर, त्यानं गाईच्या कासेला हात घातला आणि ‘दगडी’ या कासेच्या रोगावर बोलायला सुरुवात केली. कॉलेजात मी जे इंग्रजी शिकले त्यात चंद्र होता, फुलं होती, विरह होता. सड कुठंच नव्हते. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत सगळं कसंबसं मराठीत सांगितलं. बापे मंडळी माझ्याहून जास्त लाजली. तो मात्र शांत होता. गाय बावरली की थांबायचा, तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि मग पुढं बोलायचा. मी अडखळले की माझ्यासाठीही तसाच थांबायचा, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

त्याचं एक सांगते. संगमनेरजवळच्या अकोल्याच्या बाजूला एका घरी गोठा घराला लागूनच होता, आणि दोन्हींचं दार एकच. आपल्याकडे घरात जाताना वहाणा बाहेर काढतात एवढं त्याला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. तो बूट दाराशी काढून, पांढऱ्याशुभ्र मोज्यांवर, थेट शेणात शिरला. घरातली सगळी माणसं ‘अहो, अहो’ करत मागे धावली. तो म्हणाला, तुमच्या घरात मी बूट घालून कसा येऊ. मी ते वाक्य मराठीत सांगितलं आणि माझाच आवाज जरा बदलला. त्या घरातल्या म्हातारीनं मला बाजूला घेतलं. हा तुझा कोण, असं विचारलं. कुणी नाही, साहेब आहेत, असं मी म्हटलं.

“आसं व्हय,” ती म्हणाली. “मंग तू बोलायच्या आदी ह्यो तुज्याकडं बघत का बसतो?”

वर्ष संपत आलं तेव्हा नेवाशाच्या रस्त्याला आमची जीप पंक्चर झाली. ड्रायव्हर चाक बदलत होता आणि आम्ही बाभळीच्या सावलीत उभे होतो. तिथं त्यानं मला विचारलं. मला हो म्हणायला वेळ लागला नाही, पण मी म्हटलं, आधी आण्णांना विचार. मग एका रविवारी तो आमच्या घरी आला, लोखंडी खुर्चीवर ताठ बसला आणि आण्णांना इंग्रजीत म्हणाला की मला तुमच्या मुलीशी लग्न करायचं आहे, तुमची परवानगी असेल तरच. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. म्हणजे माझी मागणी मलाच मराठीत सांगावी लागली. मी ती गाईच्या औषधाची मात्रा सांगावी तशी, एका दमात सांगून टाकली.

आण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “हे त्यो म्हनतोय,” त्यांनी विचारलं, “का तूच?”

दोघंही, असं मी म्हटलं. आण्णा आईला म्हणाले, चहा टाक. आमच्या घरात याचा अर्थ होकारच.

नेवाशाची आत्या मात्र चहावर मिटणारी नव्हती. आण्णांची ही थोरली बहीण. त्यांना तिनंच लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे घरात तिचा शब्द शेवटचा. ती आली, त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि त्याची जात कोणती ते विचारलं. आण्णा म्हणाले, त्यांच्याकडे जात नसते. आत्याला हे पटेना. बिनजातीचा माणूस असतो का कुठं, ती म्हणाली. आण्णांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. “हाय की. ह्यो काय फुड्यात बसलाय.” हे सांगताना आण्णांचा चेहरा इतका खुलला होता की मला वाटलं, पोरीच्या लग्नापेक्षा त्यांना याचाच आनंद जास्त झाला असावा.

अडचण निघाली ती वेगळीच. नगरला कचेरीत नोंदणी लग्न करायचं तर महिनाभर आधी नोटीस लावावी लागते, आणि त्याचा इथला मुक्काम संपत आला होता. त्यात त्याची आई चाकाच्या खुर्चीवर, विमानात बसणं तिला शक्य नव्हतं. तो एकुलता एक. एकुलत्या एका मुलाचं लग्न तिच्या डोळ्यांसमोर व्हावं एवढीच तिची इच्छा होती, आणि तिची तब्येत दर पत्रात थोडी थोडी उतरत होती. त्याच्या देशाच्या वकिलातीत एक वेगळा व्हिसा मिळे: लग्न ठरलेल्या मुलीनं बिनलग्नाची तिथं जायचं आणि तिथल्या नगरपालिकेच्या कचेरीत लग्न करायचं. आईचं कारण ऐकून आण्णा विरघळले. माझी आई विरघळली नाही. तिला त्या बाईचं दुःख कळत होतं, पण पोरगी लग्नाआधी सासरी पाठवायची, तीही समुद्रापलीकडे, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. कॉलनीत काय सांगू, हा एकच प्रश्न ती भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, झोपेतून उठताना विचारायची. मी चिडायचे. मला कॉलनी दिसतच नव्हती त्या दिवसांत.

आण्णांनी तोडगा काढला: साखरपुडा इथं करू, असा की लोक नाव काढतील. आणि खरंच तसा झाला. विहारात मांडव घातला. आमच्या प्रत्येक कार्यात असतात त्या दोन प्रतिमांपुढं मेणबत्त्या लावल्या, भंतेजींनी वंदना घेतली, सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. मी पांढरी साडी नेसले होते, त्याला आण्णांनी पांढरा झब्बा शिवून घेतला होता, तो गुडघ्यांच्या बराच वर राहिला. पेढे वाटून झाले, कार्य संपलं, तेवढ्यात आत्या उठून उभी राहिली. तिच्या हातात झेंडूचे दोन मोठे हार होते, नेवाशाहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेले.

“तिकडं लगीन व्हईल तवा आमी कुटं आसनार,” ती म्हणाली. “आमच्या डोळ्यांदेकत हार तेवढं घाला. मंग जा कुटं जायाचं तिकडं.”

तिला नाही कोण म्हणणार? आम्ही हार घातले. लोकांच्या हातात फुलं होतीच, ती त्यांनी उधळली. फोटोग्राफर लग्नाचेच फोटो काढून मुरलेला. त्यानं आम्हाला हार हातात धरून थांबवलं, हनुवट्या वर करायला लावल्या आणि जीव तोडून फोटो काढले. मग जेवणं झाली. कॉलनी पोटभर जेवली. चार दिवसांनी तो त्याच्या देशी परत गेला.

त्यानंतर नळावर, दळणाच्या गिरणीत, बाया आईला म्हणायच्या की लग्न छान झालं हो. आई म्हणायची, “झालं बाई एकदाचं.” एवढंच. ती खोटं बोलली नाही आणि तिनं खरंही सांगितलं नाही. मी एकदा तिला टोकलं, तर म्हणाली, तुझं काय जातंय. तेव्हा खरंच काही जात नव्हतं.

मग कागद गोळा करणं सुरू झालं. लग्न न झाल्याचा दाखला हवा होता. तहसीलमधल्या कारकून भाऊसाहेबांना हे काही केल्या कळेना. लग्न झाल्याचा देतो, न झाल्याचा कसा देऊ, जे झालंच नाही त्याची नोंद कुठं बघू, असं ते म्हणायचे आणि त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. शेवटी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. त्याची पत्रं जोडली. एकमेकांना ओळखत असल्याचा पुरावा म्हणून एकत्र फोटो मागितले होते. आमचे एकत्र फोटो पुष्कळ होते, पण प्रत्येकात मधे एक गाय होती. बिनगाईचा, दोघांचे चेहरे नीट दिसणारा एकच होता: हारांचा. मी तो मोठ्या दिमाखानं सगळ्यांत वर लावला.

मुंबईला वकिलातीत माझ्यासमोर त्याच्याच देशातल्या एक प्रौढ बाई बसल्या होत्या. आवाज मऊ, नजर बारीक. त्यांनी तो फोटो उचलला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, तुमचं लग्न झालेलं आहे. मी हसले, मला वाटलं त्या थट्टा करतायत. त्या हसल्या नाहीत. पांढरे कपडे, हार, उधळलेली फुलं, मागे हात जोडून उभा असलेला धर्मगुरू. माझ्याकडे येणारी तुमचीच माणसं अशाच फोटोला लग्न म्हणतात, असं त्या म्हणाल्या. मी साखरपुडा, आत्या, नेवासा, सगळं एकापाठोपाठ सांगत सुटले. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं: लग्न झालं असेल तर हा अर्ज खोटा ठरतो, आणि खोटा अर्ज एकदा नोंदला गेला की पुढचे सगळे अर्ज संशयानं बघितले जातात. चौकशीला घरी येऊ, मग ठरवू.

परतीच्या एसटीत मी सोबत आलेल्या आण्णांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. गाईच्या कासेवर भरगच्च गर्दीत बोलणारी मी, स्वतःच्या बाबतीत चार वाक्यं धड बोलू शकले नव्हते याचा मला भयंकर राग आला होता. आणि भीतीही होती. माझी जागा इथं उरली नव्हती, तिथं मिळत नव्हती, आणि तिकडे त्याची आई खुर्चीत बसून वाट बघत होती. नगरला उतरल्यावर आण्णा कुठूनतरी भेळ घेऊन आले आणि माझ्या हातात दिली.

घरी वकिलातीतलं सगळं सांगितल्यावर मला एकच भीती होती, कॉलनीची. जो तो लग्न झालं म्हणूनच सांगणार. मी आईला म्हटलं, घरोघर जा आणि खरं सांग. आण्णा म्हणाले, शिकवून ठेवलेली माणसं लगेच ओळखू येतात, कुणाला काही पढवायचं नाही, जे व्हायचं ते होईल. आई पोळपाट पुसत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, मी नाही कुणाकडे जाणार. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

एका दुपारी कॉलनीत पांढरी गाडी शिरली. त्याच बाई आणि त्यांच्याबरोबर मुंबईचे एक गृहस्थ, दुभाषी म्हणून. मला त्यांनी नम्रपणे सांगितलं की तुम्ही मधे बोलायचं नाही. ज्या कामावर मी वर्षभर जगले ते काम माझ्याच घरात दुसऱ्याला मिळालं आणि मी दाराला टेकून ओढणी चावत उभी राहिले. आत्या चौकशीचं कळल्यापासून मुक्कामाला आलेली होतीच. आई आत पोहे करत होती.

बाईंनी आधी आजूबाजूच्यांना विचारायचं ठरवलं. सगळ्यांत पुढं होत्या शेजारच्या भाभी. त्यांचे यजमान आण्णांच्याच कारखान्यात, ईदचा शीरखुर्मा आणि आमच्या पौर्णिमेची खीर यांची वर्षानुवर्षं ने-आण. भाभींना वाटलं की पोरीच्या अब्रूचा प्रश्न आलाय. त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि छातीवर हात ठेवला.

“शादी झाली ना. सगळ्यांच्या समोर झाली,” त्या ठासून म्हणाल्या. “मी स्वतः जेवले. लिहून घ्या, मी गवाह आहे.”

मागून दोघी-तिघींनी माना हलवल्या. गृहस्थांनी इंग्रजीत सांगितलं, बाईंनी लिहून घेतलं. भाभी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाल्या, काळजी करू नको. त्या माणुसकीनं बोलत होत्या आणि त्यांच्या एकेका शब्दानं माझा व्हिसा बुडत होता.

तेवढ्यात आई बाहेर आली. हातात पोह्यांच्या बश्या होत्या, त्या तिनं स्टुलावर ठेवल्या. कधी परक्या माणसासमोर मोठ्यानं न बोलणारी बाई ती. दारातली गर्दी बघितली, भाभींकडे बघितलं आणि मग सरळ त्या बाईंच्या डोळ्यांत बघून बोलली.

“त्या खोटं न्हाई बोलत. मीच त्यांना सांगितलं न्हाई. माज्या पोरीचं लगीन झालेलं न्हाई. बिनलग्नाचीच पाठवनार हाय मी तिला. पाठवायची ती माज्या भरवशावर, लोकांच्या न्हाई.”

भाभींचा हात छातीवरून हळूच खाली आला. मला आईला मिठी मारावीशी वाटत होती, पण हलायची सोय नव्हती. गेले कित्येक महिने जे एक वाक्य टाळण्यासाठी ती झिजली होती ते तिनं सगळ्या कॉलनीसमोर, स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं होतं.

बाईंनी विचारलं, मग हारांचं काय? आता आत्या सरसावली. हार मी घालायला लावले, तिनं सांगितलं, आणि का लावले तेही. मग तिला त्या प्रश्नाचाच राग आला.

“लगीन झालं म्हंता,” ती म्हणाली, “मंग रडलं कोन? आमी अजून रडलोच न्हाई की. रडल्याबिगर पोरगी सासरी जाती का कुटं?”

गृहस्थांनी हे जरा हसत इंग्रजीत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि फोटोंचा अल्बम मागितला. फक्त तो एक फोटो नको, सगळा अल्बम. मी आतून आणून दिला. त्यांनी पहिली पानं बघितलीच नाहीत, थेट शेवट उघडला. शेवटची पानं रिकामी होती. त्यांच्या आधीच्या फोटोत आत्या त्याला पुरणपोळी भरवत होती, त्याचं तोंड भरलेलं होतं आणि मागे आई, भाभी, सगळ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. बाईंनी तो फोटो बराच वेळ बघितला. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या की या नोकरीत मी तुमच्याकडचे लग्नाचे अल्बम खूप बघितले आहेत. प्रत्येकात शेवटी मुलगी रडत असते, आई रडत असते, गाडीच्या दाराशी मुलीला धरून बायका रडत असतात. या अल्बममध्ये कुणीच रडत नाहीये. एवढं बोलून त्यांनी पोह्यांची बशी उचलली आणि शेवटच्या दाण्यापर्यंत संपवली.

त्या गेल्यावर भाभी आईजवळ आल्या. मला आधी का नाही सांगितलंत, असं त्यांनी विचारलं. लाज वाटली, आई म्हणाली. भाभींनी तिचा हात धरला, पोहे मस्त झालेत म्हणाल्या आणि उरलेले डब्यात भरून घेऊन गेल्या. कॉलनीनं त्या दिवसानंतर आमच्याकडे वाकडं बघितलं का? बघितलं असेल चौघींनी. आईनं मात्र नळावर मान खाली घातली नाही, आणि हळूहळू त्याही विसरल्या. आता तर त्या लग्न झालं होतं असंच म्हणतात.

व्हिसा आला तो पासपोर्टात चिकटून, साध्या तपकिरी पाकिटात. आण्णांनी पाकीट तीनदा उघडून बघितलं. मी निघाले त्या दिवशी एसटी स्टँडवर अर्धी कॉलनी आली होती. मुंबईची गाडी लागली आणि आत्यानं पहिला हंबरडा फोडला. मग भाभी, मग बाकीच्या. कंडक्टर सवयीनं थांबून राहिला. मीही यथेच्छ रडले. फक्त आई रडत नव्हती. ती माझ्या पिशवीची चेन परत परत बघत होती, लोणच्याची बरणी सरळ उभी आहे ना ते तपासत होती. आत्यानं तिला रडता रडताच विचारलं, तुला काही वाटतं का नाही?

“लगीन झाल्यावर रडंन,” आई म्हणाली. “त्या वकिलातीतल्या बाईला शब्द दिलाय मी. अजून लगीन न्हाई झालेलं.”

आण्णा विमानतळापर्यंत आले. काचेपलीकडून त्यांनी हात केला, आणि मी पलीकडे गेले.

त्याचं गाव छोटं, सपाट आणि गाईंनी भरलेलं निघालं. सासूबाईंना मी पहिल्या संध्याकाळी अल्बम दाखवला. खुर्चीत मांडीवर घेऊन त्यांनी एकेक पान उलटलं, झब्बा बघून पोट धरून हसल्या. शेवटची पानं रिकामी का, असं त्यांनी विचारलं. मग त्यानं त्यांना त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं: आत्या, हार, वकिलातीतल्या बाई, आणि माझी आई, जी अजून रडलेली नाही. त्यांनी अल्बम बंद केला आणि त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून बसल्या.

लग्न नगरपालिकेच्या कचेरीत झालं. कागदावर सह्या, अंगठ्या, टाळ्या. आमच्याकडे यापेक्षा जास्त वेळ नुसतं माइक लावण्यात जातो. सासूबाई अगदी पुढं होत्या, त्यांनी मला त्यांच्या आईची शाल पांघरली. मला खूप आनंद झाला होता, आणि तो सांगायला माझं तिथं कुणीच नव्हतं. घरी आल्या आल्या मी भाभींच्या घरी फोन लावला. सगळे तिथं फोनभोवती बसूनच होते. भाभींनी आईच्या हातात रिसीव्हर दिला. मी म्हटलं, “आई, झालं.”

मला वाटलं लाइन तुटली. मग आई रडायला लागली. असं रडणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं, महिन्या-महिन्यांचं साठवून ठेवलेलं, मोकळं. तिच्यामागून आत्याचा आवाज चढला, मग भाभींचा, आणि नगरच्या एका बैठ्या घरातलं सगळं रडणं त्या काळ्या रिसीव्हरमधून माझ्या नव्या स्वयंपाकघरात यायला लागलं. माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि मी हसतही होते.

सासूबाई खुर्ची ढकलत जवळ आल्या. मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्या ऐकत राहिल्या, मग त्यांनी माझा हात धरला आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, “ही तुझी आई?”

मी मान हलवली.

“मग आता झालं,” त्या म्हणाल्या, आणि रिसीव्हर परत माझ्या हातात दिला.